साहेबांचं पोट आणि माझी नोंदवही

पाहुण्यांसमोर काढता येणार नाही अशी एक वही आमच्या घरात आहे. जाड पुठ्ठ्याची, दोनशे पानी, पाठीला कापडी पट्टी. तिची पानं मी स्वतः आखली आहेत. तारीख, वेळ, आत काय गेलं, बाहेर काय आलं, औषध आणि शेरा, असे सहा रकाने. अक्षर सुबक आहे. शाळेत माझ्या अक्षराचं फार कौतुक व्हायचं. हेच अक्षर पुढे कुत्र्याच्या पिल्लाच्या शौचाची नोंद ठेवण्याच्या कामी येईल असं तेव्हा कुणी म्हणालं असतं, तर बाईंनी त्याला बाकावर उभं केलं असतं.

पिल्लू माझ्या मुलीने आणलं. मैत्रिणीकडे सहा आहेत आणि आपल्याकडे एकही नाही, हा तिचा मुद्दा होता आणि आकडेवारी तिच्या बाजूने होती. पिल्लू तपकिरी, कान लोंबते, चेहऱ्यावर कायम काहीतरी नापसंत असल्याचा भाव. नावावरून तीन दिवस घरात तीन तट पडले. शेवटी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खिडकीजवळच्या खुर्चीतूनच त्याला 'साहेब' म्हणायला सुरुवात केली, कारण ते खोलीत शिरलं की सगळं घर उठून उभं राहायचं. अण्णांनी एका कारखान्यात पस्तीस वर्षं स्टोअरकीपर म्हणून काढली. साहेब ओळखायला त्यांना वेळ लागत नाही.

साहेब आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांचं पोट बिघडलं. कारण उघड होतं. आपण एकटेच या जिवाला दूध देतोय असं घरातल्या प्रत्येकाला वाटत होतं, त्यामुळे दिवसातून सात वेळा दूध देण्यात आलं होतं. परिणाम बैठकीच्या खोलीपासून माझ्या चपलेपर्यंत सर्वत्र दिसत होते.

जनावरांच्या डॉक्टरांनी साहेबांना टेबलावर ठेवलं, पोट दाबलं, शेपटी उचलून पाहिली आणि म्हणाले, "दूध बंद. दुधाचं काही म्हणजे काही नको. भात, उकडलेला भोपळा आणि बिनमिठाचं चिकन. या गोळ्या दिवसातून दोनदा. आणि आत काय जातं, बाहेर काय येतं, ते जमल्यास लिहून ठेवा."

जमल्यास, असं ते म्हणाले. आपण कुणाशी बोलतोय हे त्या बिचाऱ्यांना माहीत नव्हतं. मी पाणीपुरवठा खात्यात गळती शोधण्याच्या विभागात आहे. टाकीतून किती पाणी निघालं आणि नळाला किती पोचलं, यांतला फरक कुठे गेला हे शोधणं ही माझी गेल्या बावीस वर्षांची नोकरी. लोक मला लग्नाकार्यातसुद्धा मोरी दाखवतात. त्यामुळे साहेबांचं प्रकरण मी हाती घेतलं तेव्हा, खोटं कशाला सांगू, मला जरा बरंच वाटलं. घरात माझ्या शिक्षणाचा उपयोग होण्याचे प्रसंग फारसे येत नाहीत.

वही आखली. 'आत काय गेलं'च्या डोक्यावर लाल शाईने 'दूध बंद' असं लिहून दोनदा अधोरेखित केलं. 'बाहेर काय आलं' या रकान्यात वर्णनं लिहायला लागू नयेत म्हणून एक ते पाच अशी प्रतवारी ठरवली. एक म्हणजे घट्ट, सुरेख, कौतुक करावं असं. पाच म्हणजे निव्वळ पाणी. मधले टप्पे वाचकांनी समजून घ्यावेत.

आता इथे अण्णांबद्दल थोडं सांगायला हवं. आई गेल्यापासून दीड वर्ष अण्णा त्या खुर्चीतून फारसे उठले नव्हते. जेवायला यायचे, झोपायला जायचे, बाकी वेळ खिडकीतून खाली पाहायचे. आम्ही सगळे उपाय केले. बागेतल्या मंडळींची ओळख करून दिली, वाचनालयाचं सभासदत्व घेतलं, नवे बूट आणले. "जाईन की" असं ते म्हणायचे आणि बूट खोक्यातच राहायचे. डॉक्टर म्हणाले, पायांना काही झालेलं नाही. ते आम्हालाही माहीत होतं.

आणि एका दुपारी आम्ही सगळे बाहेर असताना साहेबांनी दाराशी जाऊन तो विशिष्ट आवाज काढला. अण्णांनी इकडेतिकडे पाहिलं. दुसरं कुणी नव्हतं. मग त्यांनी साहेबांना काखोटीला मारलं आणि बनियनवर, घरातल्या सपाता घालून, तीन जिने उतरून ते फाटकापर्यंत गेले. मी ऑफिसातून आलो तर दोघं फाटकाशी उभे. अण्णांनी मला पाहून एवढंच सांगितलं, "चार नंबर."

त्या दिवसापासून दिवसातून पाच वेळा अण्णा खाली जायला लागले. खोक्यातले बूट निघाले. साहेबांचं पोट बिघडलेलं होतं म्हणून हे घडत होतं हे मला कळत होतं, पण त्यावर मी फार विचार करत नव्हतो. फाटकापर्यंत जायचं, काम उरकायचं, परत यायचं, एवढाच त्यांचा फेरा असे. आम्ही घरी असलो की मी किंवा बायको वर गॅलरीत वही घेऊन उभे. "किती?" म्हणून मी विचारायचो. असल्या गोष्टीचा आकडा भर रस्त्यात ओरडून सांगणं अण्णांच्या स्वभावात बसणारं नव्हतं, म्हणून ते हात वर करून बोटं दाखवायचे. चार बोटं, तीन बोटं, परत पाच. पहिल्या आठवड्यात समोरच्या दुकानदाराने पाच बोटं बघून पाच अंडी बांधून वर पाठवली. दुसऱ्या आठवड्यात सगळ्या इमारतीला अर्थ कळला. आणि मग सल्ले सुरू झाले.

पोट या विषयावर मत नाही असा माणूस मी अजून पाहिलेला नाही. तळमजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी आल्याचं पाणी सुचवलं. वरच्या मजल्यावरच्या विमा एजंटने साहेबांच्या ताटलीची दिशा चुकीची असल्याचं सांगितलं आणि जाता जाता साहेबांचं वय विचारून ठेवलं. शेजारच्या व्यायामशाळेतला मास्तर म्हणाला, पिल्लाच्या पोटात ताकदच नाही, त्याला पळवा. आम्ही पळवलं. तो दिवस वहीत पूर्णपणे पाचांनी भरलेला आहे. प्रत्येक सल्ल्याच्या शेवटी सल्लागाराच्या स्वतःच्या पोटाची हकीकत यायची, आणि ती जिन्यात उभं राहून ऐकावी लागायची. या इमारतीतल्या कुणाला काय पचत नाही याची जेवढी माहिती आज माझ्यापाशी आहे, तेवढी त्यांच्या नातेवाइकांनाही नसेल.

गोळ्यांचं खातं मात्र मी कुणाकडे सोपवलं नाही. साहेब गोळी घेत नसत. भातातून गोळी वेगळी काढून, चाटून, स्वच्छ करून ते माझ्यासमोर ठेवत. भोपळ्यातून तर त्यांनी ती थेट माझ्या शर्टावर मारली. शेवटी दवाखान्यातल्या कंपाउंडरने सांगितलं, आवडत्या कशाततरी लपवा. मी फ्रिज उघडला, दिसला तो तुकडा काढला, गोळी आत दाबली आणि पुढे केली. गट्टम. त्यानंतर सकाळी आठ आणि संध्याकाळी आठला साहेब आपण होऊन माझ्यासमोर येऊन बसायला लागले. घरात माझ्या हाकेला ओ देणारं एवढं एकच कुणी होतं, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा.

एवढं सगळं करूनही पोट हलायला तयार नव्हतं. किंवा खरं तर थांबायला. डॉक्टरांनी गोळ्या दोनाच्या चार केल्या आणि तपासणीचा कागद लिहून दिला.

सरकारी पशुवैद्यकीय प्रयोगशाळेची खिडकी अकराला उघडते. नमुना दोन तासांच्या आतला हवा. साहेबांची वेळ सातची. हे गणित सुटेना म्हणून मी रजा टाकून साहेबांनाच पिशवीत घालून घेऊन गेलो. खिडकीतल्या बाईंनी फॉर्म दिला. त्यात जनावर दुभतं आहे की ओझ्याचं आहे, असा प्रश्न होता. मी 'ओझ्याचं' यावर खूण करणार होतो, पण आवरलं.

"रुग्णाचं नाव साहेब?" बाईंनी वाचलं आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "परवाना क्रमांक लिहिला नाहीत."

"परवाना अजून काढला नाही."

"मग काढून आणा."

"परवान्याला आरोग्याचा दाखला लागतो."

"मग तो आणा."

"त्या दाखल्याला हा तपासणीचा अहवाल लागतो."

बाईंनी क्षणभर विचार केला. "म्हणजे तुम्ही चुकीच्या टोकाकडून सुरुवात केलीत," त्या म्हणाल्या आणि खिडकी लावून चहाला गेल्या.

मी हिरवळीवर बसून राहिलो. दिवसातून पाच वेळा हमखास काम करणाऱ्या साहेबांनी त्या दिवशी तीन तास काहीही केलं नाही. प्रयोगशाळेतले तीन शिपाई, एक चौकीदार आणि मी, असे आम्ही पाच जण गोलात उभे राहून एका पिल्लाच्या मागच्या बाजूकडे एकटक पाहत होतो. माझ्या खात्यातला एक कनिष्ठ अभियंता तिथूनच स्कूटरवरून गेला आणि त्याने मला ओळखून नमस्कारही केला. शेवटी साहेब आपण होऊन उठले, चालत आतल्या व्हरांड्यात गेले आणि 'येथे घाण करू नये' या पाटीखाली बसले. आवाज ऐकून प्रयोगशाळेचे प्रमुख बाहेर आले. मी पाणी खात्यातला आहे असं कळल्यावर त्यांनी मला गच्चीवर नेऊन त्यांची गळकी टाकी दाखवली, मी ती दुरुस्त करायची कबुली दिली आणि परवान्याचा प्रश्न तिथेच मिटला. अहवाल चार दिवसांनी आला. जंत नाहीत. काहीही आढळले नाही.

काहीही आढळले नाही, हे वाक्य मला चांगलं माहीत आहे. नकाशावर गळती दिसत नाही आणि पाणी तर कमी पोचतं, तेव्हा एकच अर्थ निघतो. मध्ये कुणीतरी चोरून जोडणी घेतली आहे. म्हणजे घरातलं कुणीतरी साहेबांना चोरून काहीतरी भरवत होतं.

तशात डॉक्टरांनी साहेबांना वजनकाट्यावर ठेवलं आणि त्यांचा चेहरा उतरला. तीन आठवड्यांत वजन वाढण्याऐवजी घटलं होतं. "वाढीचं वय आहे," ते म्हणाले. "असंच चाललं तर अवघड होईल." घरी आल्यावर बायकोने तिच्या भावाला फोन केला. माझा हा मेहुणा गावाबाहेर राहतो, त्याच्याकडे मोकळी जागा आहे, चार कुत्री आहेत आणि कुत्र्यांचं त्याला कळतंही. "महिनाअखेरच्या रविवारी येतो आणि घेऊन जातो," तो म्हणाला.

मुलगी रडली. मी अण्णांकडे पाहिलं.  ते साहेबांच्या कानामागे खाजवत होते, तसेच खाजवत राहिले, आणि थोड्या वेळाने त्यांनी खुर्ची खिडकीकडे वळवली.  पिल्लू गेलं तर अण्णा परत त्या खुर्चीत जाणार आणि या वेळी त्यांना उठवायला माझ्याकडे काही उरणार नव्हतं.

म्हणून मी व्हॉल्व्ह बंद करायचं ठरवलं. आमच्या कामात हीच पद्धत आहे. एकेका भागाचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि बघायचं. ज्याचा बंद केल्यावर गळती थांबली, तिथे दोष. मी वहीच्या मागच्या पानावर यादी केली. स्वयंपाकाच्या बाई, फाटकावरचा वॉचमन, मुलगी, बायको, अण्णा. प्रत्येकाने दोन दिवस साहेबांजवळ फिरकायचं नाही.

स्वयंपाकाच्या बाई म्हणाल्या, "मला माझ्या पोरांना भरवायला वेळ नाही, तुमच्या कुत्र्याला कुठे भरवू?" दोन दिवस बंद. गळती चालू. वॉचमनला वाईट वाटलं, पण त्याने दोन दिवस साहेबांकडे पाहिलंही नाही. गळती चालू. मुलीने माझ्याशी बोलणं बंद केलं. ती फक्त कामापुरतं बोलायची, म्हणजे डब्याला द्यायचं माझं चीज कोण संपवतं, असं भिंतीकडे बघून विचारायची. एकदा विचारलं, दोनदा विचारलं. घरावर एवढं संकट आलेलं असताना हिला चीज सुचतंय, याचं मला वाईट वाटलं. बायकोचा व्हॉल्व्ह बंद करायला मी जरा घाबरलो होतो आणि ती भीती योग्यच होती. तिने दोन दिवस साहेबांना आणि मला, दोघांनाही भरवलं नाही.

राहिले अण्णा.

मी दोन दिवस विषय टाळला. मग सोमवारी सकाळी, ते बूट घालत असताना, वही हातात घेऊन म्हणालो, "अण्णा, दोन दिवस साहेबांना मी नेतो."

"का?"

"पद्धत आहे. एकेकाचं बघायचं."

अण्णांनी बुटाची नाडी बांधता बांधता हात थांबवला. "माझ्यावर संशय आहे का तुझा?"

"संशय नाही हो. पद्धत आहे."

"पस्तीस वर्षं स्टोअर सांभाळलं मी," ते सावकाश म्हणाले. "एक नट इकडचा तिकडे झाला नाही. तपासणीला आलेले लोक माझ्याकडे चहा पिऊन जायचे, कपाटं उघडायचे नाहीत." त्यांनी बांधलेली नाडी सोडली, बूट काढले, जोडीने भिंतीशी ठेवले. दुपारी ताईला, माझ्या मोठ्या बहिणीला, फोन करून बोलावून घेतलं आणि छोटी बॅग घेऊन तिच्याबरोबर निघून गेले. साहेब दाराशी बसून राहिले. मी म्हणालो, जाऊ दे, दोन दिवसांत राग निवळेल.

आणि दोन दिवसांत साहेबांचं पोट सुधारलं. मंगळवारी तीन, बुधवारी दोन, गुरुवारी एक. वहीतला पहिला एक मी लाल शाईने लिहिला. माझी पद्धत बरोबर ठरली होती. जेवताना मी शक्य तेवढ्या सौम्य शब्दांत म्हणालो, की म्हातारपणी मन हळवं होतं, अण्णा कुणाच्या वाईटावर नव्हते, प्रेमापोटी काहीतरी देत असणार, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. असं बोलताना मला स्वतःबद्दल फार चांगलं वाटत होतं.

बायकोने ताट पुढे सरकवलं. "कुत्रं बरं झालं," ती म्हणाली, "पण दिवसभर त्याला बघणार कोण? तुम्ही ऑफिसात, मी ऑफिसात, ही शाळेत. भाऊ महिनाअखेरच्या रविवारी येणारच आहे, येऊ दे त्याला. आणि अण्णा यायला नाही म्हणतायत. मी दोनदा फोन केला."

"मी करतो."

"तुमचा ते घेणार नाहीत."

घेतला नाही. म्हणजे गळती सापडली, बंद झाली, आणि घर मात्र कोरडं पडलं. माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं.

पुढच्या सोमवारी डॉक्टरांनी आठवण करून दिली, मागच्या गोळ्या आठवड्यापूर्वी संपल्या, आता जंताच्या गोळ्या तीन दिवस द्या. जंत नाहीत हे सिद्ध झालेलं होतं, पण डॉक्टर म्हणाले, द्यायच्या असतात. मी आठ वाजता फ्रिज उघडला. साहेब इतक्या दिवसांनी माझ्यासमोर येऊन बसले. संध्याकाळीही बसले. मंगळवारी सकाळी मी साहेबांना खाली नेलं आणि गॅलरीत उभ्या असलेल्या बायकोला पाच बोटं दाखवली.  अण्णा तिथून चार स्टॉप लांब, ताईच्या घरी होते.

मी वर आलो. मुलगी डबा भरायला फ्रिज उघडून उभी होती. "बाबा," ती म्हणाली, भिंतीकडे न बघता, थेट माझ्याकडे बघत, "आजोबा नाहीयेत ना? मग परत माझं चीज कोणी संपवलं?"

मी वही उघडली. 'आत काय गेलं' हा रकाना स्वच्छ होता. भात, भोपळा, चिकन, भात, भोपळा, चिकन. शेजारचा 'औषध' हा रकाना माझ्या सुबक अक्षरात, कधीही न चुकता, असा होता: गोळी एक, चीजसह. गोळी दोन, चीजसह. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या त्या दिवसापासून गोळ्या चार, चीज दोन वड्या. मी काहीही लपवलं नव्हतं. पिल्लू बरं नाही म्हणून गोळ्या, गोळ्या म्हणून चीज, चीज म्हणून पिल्लू बरं नाही, असं चाक महिनाभर मी स्वतःच्या हाताने फिरवत होतो. गोळ्या ज्या रविवारी संपल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी अण्णा गेले होते. चीज म्हणजे दूध, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण माझ्या लेखी ते खाणं नव्हतंच, ते गोळीचं पाकीट होतं. पाकीट कुणी पत्रात धरत नाही.

मागचं पान उघडलं. यादीत पाच नावं होती. पाचही खोडलेली.

मला लाज वाटली. इतकी, की मुलीला मी फक्त "मी" एवढंच म्हणू शकलो. तिने फ्रिज बंद केला, डबा उचलला आणि जाताना माझ्या दंडावर हलकेच थोपटलं. त्या थोपटण्याने मी जास्तच खचलो.

बुधवारी रजा टाकली आणि वही घेऊन ताईकडे गेलो. दार ताईने उघडलं. दाराशीच अण्णांची बॅग भरून, चेन लावून ठेवलेली होती. "दुसऱ्या दिवसापासून भरलेली आहे," ताई हळू आवाजात म्हणाली. "कुठे जायचंय म्हणून विचारलं तर म्हणतात, कुठे नाही." अण्णा आत खुर्चीत होते. त्या खोलीत खिडकीही नीट नव्हती.

वाटेत मी तीन वेगवेगळी वाक्यं तयार केली होती. एकही आठवलं नाही. मी वही त्यांच्या हातात दिली.

अण्णांनी चष्मा लावला. बोट ओलं करून पान उलटलं, परत उलटलं. स्टोअरचं रजिस्टर वाचावं तसं, आधी बेरीज, मग तपशील. चौथ्या पानावर त्यांचं बोट थांबलं आणि आडव्या ओळीने सरकत औषधाच्या रकान्यावर आलं. मग त्यांनी मागचं पान उघडून यादी वाचली.

"यात तुझं नाव नाही," ते म्हणाले.

"नाही."

"का?"

"सुचलंच नाही, अण्णा. माझंच चुकलं. तुम्हाला उगाच बोललो मी."

त्यांनी वही मिटली. मला वाटलं, आता पस्तीस वर्षं परत सुरू होणार. झाली असती तर मी मान खाली घालून ऐकलीही असती. "आमच्याकडे माल यायचा तेव्हा खोक्यासकट वजन करायचो," ते म्हणाले. "खोकंही आत येतं ना? मग त्याचीही नोंद." त्यांनी चष्मा काढून पुसला. "गोळ्या कडू असतील रे. एवढंसं पोर ते. कशात तरी द्यायला लागणारच." मग खुर्चीच्या हातावर भार देऊन ते उठले. "बॅग तू घे. माझा खांदा दुखतो."

घरी आल्यावर साहेबांनी काय केलं ते लिहीत नाही, त्याला वेगळी वही लागेल. अण्णांनी पहिलं काम केलं ते म्हणजे यादीत सहावं नाव लिहिलं. माझं. स्वतःच्या पेनने. "तीन दिवस हात लावायचा नाही," ते म्हणाले. "संशय नाही. पद्धत आहे." उरलेली गोळी त्यांनी भोपळ्यात दिली. तीन छोटे गोळे केले. पहिला रिकामा, दुसऱ्यात गोळी, आणि तिसरा आधीच नाकासमोर धरलेला. तिसरा मिळावा म्हणून साहेबांनी दुसरा न चावताच गिळला. मी लांब, स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून पाहत होतो. बावीस वर्षं वाया गेल्यासारखी वाटली.

रविवारी मेहुणा आला. वेताची मोठी टोपली, आत जुनी चादर अंथरलेली. बायकोने त्याला चहा दिला, पण काय ठरलंय ते कुणीच सांगेना, कारण ठरलंच नव्हतं. पोट सुधारलं असेल तर साहेबांना पाच वेळा खाली न्यायची गरज नव्हती. आणि गरजच नसली तर अण्णा खाली जातील का, हे मी बायकोला विचारलं नाही आणि तिने मला विचारलं नाही. आम्ही तिघंही कप घेऊन गॅलरीत आलो. मुलगी आधीच येऊन उभी होती. तळमजल्यावर मुख्याध्यापिकाबाई उभ्या होत्या, वर विमा एजंट वाकून पाहत होता. समोरच्या दुकानदाराने गिऱ्हाइकाला थांबवून ठेवलं होतं.

अण्णा आणि साहेब फाटकाशी पोचले. साहेब दोनदा गोल फिरले, बसले, उठले. अण्णा वाकले, नीट निरखलं, कागदाने उचलून डब्यात टाकलं. मग त्यांनी हात वर केला. एक बोट.

"ते आजोबा काय दाखवतायत?" मेहुण्याने विचारलं.

 अण्णांनी बोट खाली घेतलं, पट्टा हातात नीट धरला आणि वर आमच्याकडे पाहिलंही नाही. काम झालं होतं. रोज ते इथूनच मागे वळायचे. आज फाटक उघडून दोघं बाहेर पडले. दुकानावरून पुढे गेले, कोपऱ्यावर साहेबांनी एका खांबाशी बराच वेळ घेतला तेव्हा अण्णा शेजारी हात मागे बांधून उभे राहिले, आणि मग दोघं बागेच्या बाजूला वळून दिसेनासे झाले.

बायकोने टोपलीतली चादर काढून घडी घातली आणि रिकामी टोपली भावाच्या हातात दिली. मी वही उघडून वेळ टाकली. परत किती वाजता आले ते लिहायचं होतं म्हणून पेन हातात धरून तसाच उभा राहिलो. एक तास उलटला तरी ते आले नव्हते.